फोनवर सांगितलेला पाय

चारठाण्याच्या पुढं दोन कोसांवर एक गाव आहे. तिथल्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून चार वर्षं काढली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, औषधांचं कपाट आणि बाळंतपणाची खाट. मागच्या खोलीत मी. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आई ताडकळसला माझ्या भावाकडे असायची. गावातले लोक मला नर्सबाई म्हणत, आणि ओढ्याकाठच्या आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया ताई म्हणत. मी त्या गावची नव्हते, पण मी कोणत्या घरातली हे गावाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलावं की बदलू नये, यावरून मराठवाड्यातली गावंच्या गावं दुभंगली होती. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात माझ्या मामाचं घर जळलं, तेव्हा मी ट्रेनिंगला होते. मामा त्याबद्दल पुढं कधी बोलला नाही. नव्या घरावर त्यानं गवत न घालता पत्रे घातले, एवढंच. या गावात मी आले ती त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. वरवर सगळं शांत होतं. मोर्चाची किंवा बंदची बातमी आली की मात्र चार-आठ दिवस लोक एकमेकांकडे बघायचे नाहीत.

मी ज्यांना मावशी म्हणायची, त्यांचा पाय मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या गोठ्यात. वरच्या गल्लीतलं मोठं शेतकरी घर ते. मावशी पन्नाशीच्या, विधवा, अंगानं थोराड. शेतात कापलेल्या तुरीचा टोकदार सड तळपायात घुसला आणि त्यांना ते कळलंच नाही. घरी आल्यावर सुनेनं नुकत्याच सारवलेल्या ओसरीवर रक्ताची पावलं पाहिली आणि विचारलं, "हे कोन चाललंय?" मग मावशींनी आपला पाय उलटा करून बघितला. पुढं कुणीतरी बिब्बा लावायला सांगितलं. त्यानं आणखी भाजलं. मला बोलावणं आलं ते दीड महिन्यानं, जखमेला वास सुटल्यावर.

"मीच म्हनलं, माझी खाट गोठ्यात टाका," त्या मला म्हणाल्या. "घरात कुनाला जेवन जाईना."

त्यांच्या शेजारी दोन म्हशी बांधलेल्या होत्या. सून ताट आणून उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि काठीनं पुढं सरकवायची. मला हात धुवायला तीच पाणी द्यायची, तेही तांब्या उंच धरून, वरून. पहिल्या दिवशी आम्हा दोघींचं हे एकामागोमाग एक झालं. मावशींनी ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलं.

मी लघवी तपासली. परीक्षानळीत औषध घालून लघवी तापवली की साखरेप्रमाणं रंग बदलतो. निळा राहिला तर ठीक, मग हिरवा, पिवळा, आणि शेवटी विटकरी. मावशींची नळी विटेसारखी लाल झाली. पाय बधिर का, हे तिथं कळलं.

"परभणीला जावं लागेल," मी म्हणाले.

"परभनीचं नाव काढू नका बाई. माझे मालक अशाच जखमेपायी मोठ्या दवाखान्यात गेले. दोन पायांवर गेले, एका पायावर आले, आन् तीन महिन्यांत खांद्यावर गेले. मी हितंच मरंन."

पुढच्या आठवड्यात चारठाण्याला आरोग्य शिबिर होतं. परभणीचे एक सर्जन येणार होते. गाव सोडायचं नाही, फक्त दाखवून परत यायचं, अशा बोलीवर मावशी बैलगाडीत बसल्या. डॉक्टर बुटके होते, जाड भिंगाचा चष्मा आणि आवाज मात्र मोठा. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिचं टोक मावशींच्या तळव्यावरून ओढलं. मावशी दुसरीकडेच बघत होत्या. डॉक्टरांनी दोनदा ओढलं, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"भरती व्हा," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई."

पाव तास डॉक्टर समजावत राहिले, आणि पाव तास मावशी 'न्हाई' म्हणत राहिल्या. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, तुमच्या गावात फोन आहे?"

"पोस्टात आहे."

"मग रोज साडेबाराला मला फोन करायचा. मला तिथं येता येणार नाही, तेव्हा तुम्ही बघायचं आणि सांगायचं. पण 'बरं आहे', 'ठीक आहे' असलं सांगू नका. त्याचा मला काही उपयोग नाही."

काय सांगायचं ते त्यांनी तिथंच शिकवलं. जखमेचा रंग कोणता. पाणी किती येतं, पातळ की घट्ट. वास आहे का. हाताची पाठ आधी चांगल्या नडगीला लावायची, मग आजारी पायाच्या नडगीला, आणि ऊब सारखी आहे का ते बघायचं. ताप. नळीचा रंग. आणि जखमेचं माप. त्यासाठी त्यांनी जुने एक्स-रे गरम पाण्यात धुऊन काचेसारखे केलेले दोन कागद दिले. तो कागद जखमेवर धरायचा, वरून पेनानं कड काढायची, आणि ती कड चौकटीच्या गणिताच्या वहीवर उतरवून आत किती चौकोन येतात ते मोजायचं. शेजारच्या दुकानातून त्यांनी एकसारख्या दोन वह्या मागवल्या. एक मला दिली, एक आपल्या पिशवीत टाकली.

पहिल्या दिवशी एकसष्ट चौकोन भरले.

पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या राहत्या घराची पुढची खोली. फोन लाकडी पेटीवर ठेवलेला असायचा. कॉल जिंतूरहून पुढं परभणीला जायचा. कधी दहा मिनिटांत लागायचा, कधी तासभर बसावं लागायचं. आणि लागला की ओरडावं लागायचं. खोलीत मनीऑर्डरची वाट बघणारी, कार्ड लिहून घेणारी, नुसतीच सावलीला बसलेली माणसं असायची. त्या सगळ्यांसमोर मी घसा ताणून सांगायची, "सर, एकोणसाठ चौकोन! मध्ये पिवळं, कडेला लाल! पाणी पातळ! वास थोडा!" पलीकडून डॉक्टर ओरडायचे. त्यांचंही अर्धं खोलीत ऐकू जायचं.

आठ दिवसांत गावाला चौकोन पाठ झाले. हॉटेलात चहा पिणारे लोक मी जाताना विचारायचे, "बाई, आज किती?"

मावशी संतापल्या. "माझ्या पायाची दवंडी पिटवलीत व्हय तुमी? काल पिठाच्या गिरणीवर सुनेला कुनीतरी म्हनलं, तुमच्या सासूचा पाय अठ्ठावनवर आला म्हनं. लाज वाटती मला."

"हळू बोललं तर डॉक्टरांना ऐकू जात नाही मावशी."

"मग नगं ते."

तीन दिवस त्यांनी पायाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "कर बाई काय करायचं ते. उतरायलंय तर उतरू दे." त्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करायला लागल्या.

सकाळी उठून मी पातेल्यात पट्ट्या उकळायची, सिरिंज उकळायची. डॉक्टरांनी सुरू केलेल्या इन्शुलिनची बाटली माझ्या खोलीत ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात असायची. नऊ वाजता मी गोठ्यात पोचायची. आधी इंजेक्शन, मग जांभळ्या पाण्यानं पाय धुणं, मेलेलं मांस कात्रीनं काढणं. मावशींना दुखायचं नाही, त्यामुळं त्या गप्पा मारायच्या. कापसाच्या, सुनेच्या, आपल्या माहेरच्या. माझ्या लग्नाचं विचारायच्या. दोन महिन्यांनी वास गेला. तेव्हा मुलानं खाट गोठ्यातून ओसरीवर आणली, आणि माझं काम ओसरीवर सुरू झालं. पाणी अजून वरूनच मिळायचं.

मला बघायला तेव्हा येऊ लागलं, असं मी म्हणेन. ट्रेनिंगमध्ये मी शेकडो जखमा बांधल्या होत्या, पण हात सवयीनं चालायचे. आता दुपारी कुणीतरी प्रश्न विचारणार आहे हे माहीत असल्यामुळं मी सकाळी नीट बघायची. काल लाल होतं ते आज गुलाबी आहे का. डाव्या कडेला पांढुरकी नवी कातडी धरली आहे का. गावातले आणखी दोघंतिघं आपापले पाय घेऊन यायला लागले. एक मेंढपाळ, पोटरीला वर्षाची जखम असलेला. वस्तीतली एक म्हातारी. त्यांचेही चौकोन मी फोनवर सांगायची.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मावशींची जखम चौतीसवर आली. नळीचा रंग हिरवा. डॉक्टर फोनवर हसले, ते मी पहिल्यांदा ऐकलं.

"पाय राहतोय गं माझा?" मावशींनी विचारलं.

"राहतोय."

"नक्की सांग."

"मी रोज येतेय तोवर पायाला काही होत नाही," मी म्हणाले.

मग बंदची बातमी आली. कुठंतरी मोर्चावर दगडफेक झाली होती. गावात एसटी थांब्यावर वस्तीतल्या दोन पोरांना मारलं. शाळेच्या भिंतीवर रात्रीतून काहीबाही लिहिलं गेलं आणि सकाळी मास्तरांनी त्यावर चुना मारला. संध्याकाळी उजेड असतानाच मावशींचा मुलगा उपकेंद्रावर आला. तिशीचा, शांत स्वभावाचा. कधी वाकडं बोलला नव्हता. तो दारातच उभा राहिला.

"बाई, दोन-चार रोज आमच्याकडं येऊ नका."

"का?"

"माझं काय न्हाई. पर गल्लीतली पोरं गरम हायत. तुमाला कोनी काय बोललं तर आमालाच बरं वाटनार न्हाई."

"ड्रेसिंग कोण करणार? इंजेक्शन?"

"पट्टी बांधंल घरातलं कोनीतरी. दोन दिसांनी काय हुतंय?"

मी त्याला पट्ट्या, औषधाचं पाणी दिलं, कसं करायचं ते सांगितलं. इंजेक्शन त्याला येत नव्हतं. तो मान खाली घालून निघून गेला.

मी घाबरले होते, हे खरं आहे. मामाचं घर आठवत होतं. पण नुसती भीतीच होती असं म्हणाले तर ते खोटं होईल. राग पण होता. तीन महिने मी त्या बाईच्या पायाचा पू हातांनी काढला होता, आणि आता मी त्या गल्लीतून चालायचं नाही. बघू दे त्यांना, असं माझ्या मनात आलं. ते ज्या मनात आलं ते माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

पहिल्या दिवशी मी गेले नाही. फोनही केला नाही. दुसऱ्या दिवशी साडेबाराला पोस्टात गेले, कारण मेंढपाळाचं सांगायचं होतं. खोलीत सहा-सात माणसं होती. त्यातले दोघं वरच्या गल्लीतले. मी आत आले तसं त्यांचं बोलणं थांबलं. फोन लगेच लागला. नेहमी तासभर लावणारा फोन त्या दिवशी लगेच लागला.

मेंढपाळाचं झालं. मग डॉक्टर म्हणाले, "आणि आपली मावशी?"

मला म्हणायचं होतं, सर, मला येऊ नका म्हणालेत, मी दोन दिवस पाय पाहिला नाही. ते मला ओरडून म्हणावं लागलं असतं. त्या सहा-सात जणांसमोर, त्या दोघांसमोर. मी वही उघडली. परवाचं पान समोर होतं.

"तेहतीस चौकोन," मी म्हणाले. एक मी माझ्या मनानं कमी केला.

"वास?"

"नाही."

"नडगी?"

"दोन्ही सारख्या."

"नळी?"

"हिरवी."

"इंजेक्शन?"

"दिलं."

"छान. फार छान चाललंय सिस्टर. आता रोज नको. परवा करा फोन."

मी फोन ठेवला. पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गावात त्यांना सगळं माहीत असायचं; मी वरच्या गल्लीत गेले नव्हते हेही माहीत असणार. ते पुन्हा शिक्के मारायला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी मावशींची सून धावत आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

"बाई, चला. सासूबाई बरळायल्यात. वास यायलाय लय."

मी पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर वरच्या गल्लीत शिरले. गल्लीत पोरं बसलेली होती. एकानं वाटेत उभी केलेली आपली सायकल बाजूला घेतली. आधी गेले असते तर काय झालं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित तेव्हाही सायकलच बाजूला झाली असती. कदाचित नसती.

पट्टी सोडली. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. घोट्याच्या वर कातडी तांबूस, ताणलेली. बोटानं दाबलं तर आत हवा भरल्यासारखं कुरकुरत होतं. हाताची पाठ नडगीला लावली, ती चटकन मागं घेतली. मावशी माझ्याकडे बघत होत्या, पण मी कोण ते त्यांना कळत नव्हतं.

पोस्टात त्या दिवशी किती माणसं होती ते मला आठवत नाही. फोन लागल्यावर मी ओरडले, "सर, परवा मी खोटं सांगितलं. तीन दिवस मी पाय पाहिला नाही. इंजेक्शन नाही. मला येऊ नका म्हणाले म्हणून मी गेले नाही."



"आत्ता काय दिसतंय ते सांगा," डॉक्टर म्हणाले.

मी सांगितलं. कुरकुरतं म्हटल्यावर त्यांनी मला पुढचं बोलू दिलं नाही. "ताबडतोब आणा. जे मिळेल त्यातून आणा."

एसटी बंद होती. मुलानं ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गादी टाकली. मी मागं बसून मावशींचा पाय मांडीवर धरला. जिंतूरला एक जीप मिळाली. वाटेत कुठंतरी मावशी शुद्धीवर आल्या. वरचं आभाळ सरकताना पाहून त्यांनी विचारलं, "कुठं चाललोय?"

मी त्यांच्या डोळ्यांवर पदराची सावली धरली. त्यांना समजलं. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं, ते परभणी येईपर्यंत सोडलं नाही.

डॉक्टरांनी दुपारी चार वाजता गुडघ्याच्या वरून पाय कापला. संध्याकाळी ते बाहेर आले आणि व्हरांड्यात माझ्याजवळ बाकावर बसले. तीन महिने मी त्यांच्याशी रोज बोलत होते आणि त्यांना पाहत होते दुसऱ्यांदा.

"दोन दिवस आधी कळलं असतं तर बोटं गेली असती. पाय कदाचित राहिला असता," ते म्हणाले. "हे तुमच्या समाधानासाठी कदाचित म्हणत नाही. मला खरंच माहीत नाही."

"माझी चूक झाली सर."

"झाली." ते म्हणाले, "तिथं लोक ऐकत असतात हे मला माहीत होतं. तुमच्यामागं आवाज यायचे. मी त्याचा विचार केला नाही. ही माझी."

त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली. फोन लागला की ते आधी एवढंच विचारायचे, "आज स्वतः पाहिलंत?" मला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असायचं. नाही म्हटलं तर ते कारण विचारायचे नाहीत. उद्यापर्यंत काय करायचं ते सांगायचे. मेंढपाळाची पोटरी पुढं भरून आली. वस्तीतल्या म्हातारीची जखमही भरली. इतरही बरेच पाय वाचले. मी ते सगळे आठवू शकते, पण रात्रंदिवस आठवतो तो वाचला नाही तोच.

मावशी दीड महिन्यानं गावी आल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगडं एका बाजूला रिकामं पडलं होतं. मी सगळं सांगायचं ठरवून आले होते. मुलगा आत, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"मावशी, त्या तीन दिवसांत मी आले नाही..."

"अगं, मला म्हाईत हाय. तू तापानं फणफणलीस म्हनं. पोरानं सांगितलं मला." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "मी सुनेला म्हनलं, एकटी ऱ्हाती पोरगी, कोन बघतंय तिला? भाकर तरी धाडा. तर कोनी उत्तरच देईना. सारखं तुझंच ध्यान लागलेलं. पायाकडं बघायचं सुदिक सुचलं न्हाई मला."

मी दाराकडे पाहिलं. मुलगा हलला नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बरी झालीस ना आता?" मावशींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "तापच होता."

हे मी का म्हणाले? दयेनं म्हणाले असेन. सोपं होतं म्हणूनही म्हणाले असेन. खरं सांगितलं असतं तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं असतं आणि मावशींना उरलेलं आयुष्य ज्या मुलाच्या हातचं पाणी प्यायचं होतं, त्याच्याकडे रोज बघत काढावं लागलं असतं. त्या दिवशी सुनेनं मला चहा आणला, घरातल्याच कपात. मी प्यायले. चव कळली नाही.

मावशी पुढं सव्वा वर्ष जगल्या. मी रोज जायची, इंजेक्शन द्यायची, राहिलेल्या पायाचा तळवा तेलाचा हात लावून बघायची. पुढच्या हिवाळ्यात ज्वारी काढणीला आलेली असताना छातीत कळ येऊन त्या गेल्या. मी शिवारापर्यंत गेले, बायांच्या मागं उभी राहिले आणि परत आले. पुढच्या वर्षी माझी बदली सेलूकडं झाली.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा मी ताडकळसला आईकडे होते. वस्तीत हलगी वाजत होती. बाया एकमेकींना साखर भरवत होत्या. मामा आला होता. म्हातारा झालेला मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून लहान मुलासारखा रडला. मीही रडले, आणि मग थांबता येईना. सगळे बाहेर गेल्यावर आईनं मला आत बसवलं.

"एवढं रडतीस काऊन? आज हसायचा दिस हाय."

मग मी आईला ते तीन दिवस सांगितले. आठ-नऊ वर्षांत कुणालाच सांगितले नव्हते. आई ऐकत राहिली.

"त्या पोरानं नंतर काय इचारलं का तुला?"

"एकदा," मी म्हणाले. "बदलीच्या दिवशी. मी एसटीची वाट बघत उभी होते. तो आला. म्हणाला, बाई, तुमी आईला सांगितलं न्हाई. मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, मलाबी सांगता आलं न्हाई. मग गाडी आली. त्यानं माझी ट्रंक टपावर चढवून दिली."

"आन् तू काय म्हनलीस?"

"काही नाही."

बाहेर हलगीचा जोर वाढला होता. मग आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, साखरेची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल. मामा वाट बघतोय."